पिवळ्या पिशव्यांची आणीबाणी

साथ संपली हे सगळ्या गावाला कळलं होतं. शाळा भरत होत्या, दुकानांसमोर आखलेली रिंगणं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी पुसून गेली होती, आणि कोणी तोंड झाकून निघालं तर लोक "ह्याला काय झालं बुवा" म्हणून वळून बघत होते. ही बातमी फक्त मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीला कोणी दिली नव्हती. तिथे आणीबाणी अजून चालू होती, आणि दाराशेजारच्या भिंतीवर चिकटवलेला करारनामाही तसाच्या तसा लागू होता.

त्या करारनाम्यात काय होतं ते आता सगळ्यांना पाठ झालं होतं, पण सह्या करताना कोणी वाचला असेल तर शपथ. तेव्हा वरच्या वॉर्डांत माणसं जमिनीवर झोपवली होती आणि चादरी पुरत नव्हत्या. लॉन्ड्री चालवायला घेतलेल्या कंपनीचा माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन आला, म्हणाला, आणीबाणी आहे, सगळ्यांनी सह्या करा. कायम नोकरीतल्या बायकांनी केल्या, नव्याने भरती झालेल्यांनी केल्या. ओले हात अॅप्रनला पुसले आणि केल्या. वर माणसं मरत असताना चष्मा लावून कलमं वाचत कोण बसणार? आणीबाणी संपेपर्यंत रजा बंद. साप्ताहिक सुट्टी जमलं तर. दिलेलं काम नाकारायचं नाही, नाकारलं तर त्याच दिवशी घरी, मग तुम्ही कायम असा नाहीतर करारावर. आणि नेहमीच्या नियमांतल्या सगळ्या सवलती तात्पुरत्या स्थगित. तात्पुरत्या! त्याला आता वर्ष उलटलं होतं.

या एका शब्दाने मावशींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मावशी म्हणजे लॉन्ड्रीतली सगळ्यात जुनी बाई. अंगाने काडी, पण मशीनच्या घरघरीवर आवाज चढवायची इतक्या वर्षांची सवय की घरातही ओरडूनच बोलायच्या. "आई, हळू बोल ना," मुलगा म्हणायचा. "मी हळूच बोलतेय!" असं त्या ओरडून सांगायच्या आणि शेजारच्यांना वाटायचं भांडण लागलं.

त्यांची सून याच लॉन्ड्रीत कामाला होती. साथीत मुलाचं गॅरेज बसलं, इकडे हॉस्पिटलला माणसं हवी होती, म्हणून मावशींनीच तिला हाताला धरून आणलं होतं. ती करारावरची. सगळी लॉन्ड्री तिला सूनबाईच म्हणायची, जणू ती सगळ्यांच्याच घरात लग्न करून आली होती. आता तिला पाचवा महिना चालू होता, आणि तिची नेमणूक ओल्या बाजूला होती.

लॉन्ड्रीच्या दोन बाजू असतात. कोरड्या बाजूला ड्रायर, इस्त्रीचं मशीन आणि घड्या घालायचं लांबलचक टेबल. ओल्या बाजूला धुलाईचे मोठाले ड्रम. ड्रम थांबला की दार उघडायचं, आत खांद्यापर्यंत हात घालायचा आणि एकमेकींत गुरफटलेल्या चादरी ओढून ट्रॉलीत टाकायच्या. एक ओली चादर काही नाही, पण ड्रममधून त्या एकेकट्या येतच नाहीत, पीळ पडून गठ्ठाच्या गठ्ठा येतो आणि कमरेचा काटा ढिला करतो. फरशी सदा निसरडी. म्हणून नेहमीच्या नियमात गरोदर बाईला ओल्या बाजूला नुसतं उभंसुद्धा करायचं नाही, टेबलाशी बसवून घड्या घालायला द्यायच्या. हा नियम मावशींच्या पिढीने भांडून मिळवला होता. स्वतः मावशींनी मुलाच्या वेळी शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या टेबलाशी स्टुलावर बसून उशांचे अभ्रे दुमडले होते.

त्या सोमवारी सकाळी सूनबाईचा पाय घसरला. ट्रॉलीची कड हाताला लागली म्हणून पडली नाही, पण पोटात अशी कळ आली की ती ड्रमला पाठ टेकून ओल्या फरशीवरच बसली. बायका धावल्या. मावशी कोरड्या बाजूने कशा आल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"काही नाही आई, थांबली कळ," सूनबाई म्हणाली. ओठ पांढरेफटक पडले होते.

"तू गप्प बस. मी बघते," मावशी म्हणाल्या आणि तडक कलमरावांच्या काचेच्या खोलीत शिरल्या.

कलमराव हा कंपनीचा सुपरवायझर. खरं नाव काय ते पगाराच्या कागदावर असेल, पण काहीही विचारलं तरी तो कलम सांगायचा म्हणून बायकांनी त्याचं बारसं उरकून टाकलं होतं. पंखा बंद पडला, कलम. साबण संपला, कलम. माणूस वाईट नव्हता, आणि मावशींचा खरा वैताग तोच होता. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं.

"साहेब, सुनेला टेबलाशी बसवा."

"बसवली असती हो मावशी. पण कलम सात. हलक्या कामाची तरतूद आणीबाणीत स्थगित."

"आणि आणीबाणी संपणार कधी?"

"तसं जाहीर झालं की."

"जाहीर कोण करणार?"

कलमरावाने पेन वर छताकडे केलं. "वरून."

"वरून म्हणजे? देव की हॉस्पिटल?"

"सक्षम अधिकारी," कलमराव म्हणाला. "कलम दोन." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, माझीही रजा वर्षभर बंद आहे. बहिणीच्या लग्नाला फोनवरून हजर होतो मी."

आता याच्याशी काय भांडणार? मावशींनी कपाळावर हात मारला आणि बाहेर आल्या. सूनबाई पुन्हा ड्रमशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मावशी कामगार कचेरीत गेल्या. तिथे एका ओळीत चार खिडक्या होत्या, तीन बंद आणि चौथीसमोर अख्खी रांग. भिंतीवर कामगारांच्या हक्कांचं रंगीत पोस्टर होतं. त्यात एक हसरी गरोदर बाई खुर्चीवर बसून काम करत होती. मावशी रांग सरकेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिल्या. हसतेय कशी बघा, जसं काही आमच्यावरच.

खिडकीतल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मानही डोलावली. मावशींना वाटलं, चला, कोणीतरी माणूस भेटला.

"तुमची तक्रार रास्त आहे," साहेब म्हणाले. "हा हक्क तुम्हाला आहेच."

"मग द्या की."

"पण तुम्ही आणीबाणीच्या करारावर सही केली आहे. त्या मुदतीत आम्हाला तक्रार घेता येत नाही. आणीबाणी संपली की या, लगेच नोंदवून घेतो."

"अहो साहेब, आणीबाणी संपली तर तक्रार कशाला राहील?"

साहेबांनी जरा विचार केला. "मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले, अगदी मनापासून.

मावशींनी त्या पोस्टरवरच्या बाईकडे एकदा शेवटचं पाहिलं आणि निघाल्या. रस्त्यात एकट्याच बोलत होत्या, हात हलवून, आणि समोरून येणारे लोक वाट देत होते. पोटात जेवण नव्हतं, ते हॉस्पिटलच्या दारात आल्यावर आठवलं.

बुधवारी त्यांनी ठरवलं, हा सक्षम अधिकारी म्हणजे आहे तरी कोण ते शोधल्याशिवाय खाली यायचं नाही. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर, तिथून हिशेबाच्या खोलीत, तिथून परत पहिल्यावर. नुसती टोलवाटोलवी. शेवटी एका वॉर्डबॉयने सांगितलं, "ती साथीची समिती ना? तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. पण तिथे आता कोणी असतं का देव जाणे."

तिथे एकटी डॉक्टरीणबाई होती. अर्धी खोली मास्कच्या न फोडलेल्या खोक्यांनी भरलेली, आणि पाच खुर्च्यांपैकी चार खुर्च्यांवरही खोकीच. समितीतले बाकीचे चौघे केव्हाच आपापल्या कामाला परत गेले होते. हिला जाता येत नव्हतं, कारण आणीबाणी चालू होती.

"मला काय हौस आहे का मावशी?" डॉक्टरीणबाई म्हणाली. "मी लहान मुलांची डॉक्टर. वर्षभर माझ्या हाताला मूल लागलेलं नाही. इथे आकडे भरतेय. साथीचा पेशंट आमच्याकडे चार महिन्यांत एकही नाही."

"मग संपवा ना!"

"नियम पेशंटवर नाही. नियम पिशव्यांवर आहे. वॉर्डातून लॉन्ड्रीत पिवळी पिशवी गेली म्हणजे संसर्गाचे कपडे गेले. सलग सात दिवस एकही पिवळी गेली नाही की मी सही करायची आणि आणीबाणी संपली. पण रोज जातात. हे बघा, कालसुद्धा. कुठून येतात तेच मला कळत नाही."

मावशींना कळलं. असं कळलं की त्यांनी खोक्यावरच बसकण मारली.

पिवळ्या पिशव्या जाड कापडाच्या होत्या. दुहेरी शिलाई, तोंडाला मजबूत नाडी. साथीच्या सुरुवातीला हुकूम होता की एकदा वापरली की पिशवी जाळून टाकायची. पहिल्या आठवड्यात मावशींनी त्या जळताना पाहिल्या आणि त्यांचा जीव वर-खाली झाला. इतकं सुरेख कापड! उकळत्या पाण्यात दोनदा घातलं की कसला संसर्ग राहतोय? त्यांनी पिशव्या धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या आणि वर पाठवून दिल्या. तेव्हा पिशव्या पुरत नव्हत्या म्हणून वॉर्डातल्या सिस्टर्सनी त्यांना दुवा दिला होता. आणि सवय पडून गेली. दरम्यान पांढऱ्या पिशव्या फाटून संपल्या, नव्या घ्यायला मंजुरी नाही, कारण आणीबाणीत फक्त आणीबाणीची खरेदी. मग वॉर्डात साधी चादर असो, पडदा असो, टॉवेल असो, हाताशी येईल त्या पिवळ्या पिशवीत भरून खाली यायचं. खाली पिशवी धुवायची आणि घडी घालून वर. घोडं पेंड खात होतं ते मावशींच्याच टेबलावर. लॉन्ड्रीने वर्षभर स्वतःची आणीबाणी स्वतःच धुऊन, वाळवून, इस्त्री करून वर पाठवली होती.

डॉक्टरीणबाई आधी हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, सात दिवस पिवळी वर पाठवू नका. कपडे चादरीत बांधून खाली आणायला मी वॉर्डांना सांगते. आठव्या दिवशी सही करते, तुमच्यासमोर."

मावशी जिना उतरल्या त्या जवळजवळ पळतच.

खाली येऊन त्यांनी ड्रम बंद करायला लावले आणि सगळ्यांना जमवून सांगितलं. आधी कोणाला खरं वाटेना. मग एकच हशा पिकला. "म्हणजे आम्हीच ते सक्षम अधिकारी!" कोणीतरी म्हणालं. सूनबाईसुद्धा तोंडाला अॅप्रन लावून हसत होती. मावशींना वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात तोफ बोलली. तोफ म्हणजे ड्रायरवरची बाई. तोंड उघडलं की दणकाच, म्हणून ते नाव. तीही करारावरची होती, घरात शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि कमावणारी ती एकटी. पण या वेळी तिचा आवाज खालीच होता.

"आणि करार संपला की आमचं काय?"

सगळ्यांनी काचेच्या खोलीकडे पाहिलं. कलमराव दारात येऊन ऐकत उभा होता. त्याने खाली मान घातली.

"कलम एकवीस," तो म्हणाला. "आणीबाणी संपल्याच्या दिवसापासून कराराच्या नेमणुका आपोआप संपुष्टात. कायमवाल्या जुन्या नियमांवर परत."

"संपुष्टात म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या दिवशी यायचं नाही."

कराराच्या बायका जास्त होत्या, कायमच्या मोजून चार. मग तोफ सुटली.

"वा मावशी वा! तीन दिवस आमच्या पोटावर पाय द्यायलाच फिरत होतात होय? तुमचं काय जातंय, तुम्ही कायम! तुम्हाला सुट्टी परत, रजा परत, सगळं परत. आणि आम्ही घरी बसून भिंती चाटायच्या?"

"अगं, मला काय माहीत…"

"माहीत करून घ्यायचं ना मग! सगळ्यांच्या वतीने धावायची हौस आहे ना?"

ज्या बाईने उभ्या जन्मात समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं ती आ वासून उभी राहिली. राग आला होता, पण कोणावर काढायचा? तोफेवर? ती खोटं काय बोलत होती? एकेक करून बायका पाठ फिरवून आपापल्या जागेवर गेल्या आणि ड्रम पुन्हा सुरू झाले.

संध्याकाळी सासू-सून घरी निघाल्या. बसला गर्दी होती म्हणून चालतच निघाल्या. दिवे लागत होते, दुकानदार फुटपाथवर पाणी मारत होते, आणि सूनबाई नेहमीपेक्षा हळू चालत होती.

"मी उद्याच डॉक्टरीणबाईंना सांगते," मावशी शेवटी म्हणाल्या, "की…"

"आई, थांबा." सूनबाई खरंच थांबली, रस्त्याच्या मधोमध. "तीन दिवस तुम्ही माझ्यासाठी दारोदार फिरलात. मला एकदा तरी विचारलंत, तुला काय हवंय?"

"हलकं काम हवंय. त्यात विचारायचं काय?"

"हलकं काम हवंय आणि नोकरीपण हवीय. बाळंतपणाची रजा हवीय आणि रजेवरून आल्यावर माझी जागा हवीय. सगळं हवंय. त्यात जास्तीचं काय आहे, सांगा ना? आणीबाणी चालू म्हणून हक्क नाही, आणीबाणी संपली म्हणून नोकरी नाही. म्हणजे आमच्यासारखीने पोर काढायचं तरी कधी? यांच्या सक्षम अधिकाऱ्याला विचारून?"

तिचा आवाज चढला होता. मावशींनी तिला इतक्या मोठ्याने बोलताना आजवर ऐकलं नव्हतं. एक दुकानदार पाण्याचा पाइप हातात धरून बघत राहिला.

"हळू बोल गं," मावशी म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदाच.

"नाही बोलणार हळू. मला भीती वाटते आई. रोज त्या ड्रममध्ये हात घालताना वाटते. कळ आली ना परवा, तेव्हा मला वाटलं गेलं सगळं. आणि तरी मी उठून परत ओढायला लागले, कारण त्याच दिवशी घरी पाठवतील. पोराची भीती आणि नोकरीची भीती, दोन्ही एकाच वेळी पोटात घेऊन किती दिवस हिंडू?"

मावशींनी तिचा हात धरला आणि विचारलं, "मग पिशव्यांचं काय करू? पाठवू का नको?"

"पाठवा. आणीबाणी संपली तर आपल्याला कोण विचारतंय? आत्ता आपली गरज आहे, तोवरच काय ते. बाकीचं उद्या मी बघते."

"तू काय बघणार?"

"बसणार," सूनबाई म्हणाली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी धुतलेल्या पिवळ्या पिशव्यांचा गठ्ठा स्वतःच्या हाताने बांधून लिफ्टमध्ये ठेवला. काल ज्या जिन्यावरून नाचत उतरल्या होत्या, त्याच्या शेजारच्या लिफ्टचं बटण आज त्या दाबत होत्या. स्वतःचाच संताप येत होता.

मागे पाहिलं तर सूनबाईने घड्यांच्या टेबलाखालचं स्टूल काढलं होतं. ते तिने ओल्या बाजूला, दोन नंबरच्या ड्रमसमोर नेऊन ठेवलं आणि त्यावर बसली. ड्रम थांबला, दिवा लागला, तिने दार उघडलं. आणि बसूनच राहिली.

कलमराव आला. "सूनबाई, ड्रम थांबलाय."

"दिसतंय की."

"चादरी काढायच्यात."

"काढतेय ना. नाही कुठे म्हणतेय?" तिने बसल्या बसल्या हात आत घातला, उशीचा एक अभ्रा शोधून काढला, पिळला आणि ट्रॉलीत ठेवला. "बसून जेवढं निघेल तेवढं काढते. पाचवा महिना आहे, साहेब. वाकून ओढणार नाही."

कलमरावाने करारनामा उघडला. पानं पुढे उलटली, मागे उलटली. हे काम नाकारणं होतं की हळू करणं, याचं कलम काही सापडेना. "थिएटरमध्ये दहाला ऑपरेशन आहे," तो शेवटी म्हणाला, आणि ते कलम नव्हतं. तो खरोखर घाबरला होता.

ड्रायरचा आवाज बंद झाला. तोफ एक बादली घेऊन आली, ती उपडी घातली आणि सूनबाईच्या शेजारी बसली.

"काल बोलले त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही," ती मावशींकडे न बघता म्हणाली. "पण ही पोरगी बसलीय तर मीही बसले. माझी कंबर काही लोखंडाची नाही." मग तिने मान वर केली. "आता कायमवाल्यांनी काय ते ठरवावं."

एकेक जण येत गेली. कोणी बादली आणली, कोणी साबणाचं खोकं. करारावरच्या सगळ्या बसल्या. मावशी उभ्या होत्या. काम नाकारलं तर त्याच दिवशी घरी, कायम असो नाहीतर करारावर. उमेदीच्या सगळ्या वर्षांचं पेन्शन पणाला लागलं होतं, आणि घर त्यावरच चालायचं होतं, गॅरेज अजून रडतखडतच होतं. गेली नोकरी तर या वयात दारात कोण उभं करणार होतं? सगळ्या बघत होत्या, आणि तोफ सगळ्यांपेक्षा जास्त.

मावशींनी कपड्यांची एक रिकामी टोपली उपडी घातली आणि सुनेच्या पायाशी बसल्या. कायमच्या बाकी तिघीही मग आल्या.

शेजारच्या खांबावरचा फोन वाजला. कलमराव त्याच्याकडे असा बघत राहिला की जणू तो चावेल. मावशींनी बसल्या जागेवरून हात लांब करून उचलला.

"मावशी?" डॉक्टरीणबाईचा आवाज. "अहो, आज परत पिवळ्या वर आल्या! तुम्ही बंद करणार होतात ना?"

"होते. पण मीच पाठवल्या."

"का पण? आणि थिएटरवाले ओरडताहेत, चादरी नाहीत म्हणून."

"चादरी इथे ड्रममध्ये आहेत. आमची सूनबाई बसून काढतेय, वेळ लागेल."

मग मावशी बोलल्या, आणि या वेळी त्या मुद्दाम ओरडल्या, म्हणजे काचेच्या खोलीतल्या भिंतींनीसुद्धा ऐकावं. "बाई, तुमची मुलं तुम्हाला परत मिळावीत असं मलाही वाटतं. तुमच्यावर राग नाही. पण दोन गोष्टी लेखी पाहिजेत. सुनेला आजपासून टेबलाशी काम. आणि आणीबाणी संपली तरी या सगळ्या जणींच्या नोकऱ्या आहेत तशा चालू, बाळंतपणाच्या रजेसकट. ते कागद हातात पडले की पिवळी पिशवी परत तुमच्या डोळ्यांना दिसणार नाही. मी स्वतः जाळते."

"मावशी, हे माझ्या अधिकारात नाही."

"मग ज्याच्या अधिकारात आहे त्याला खाली पाठवा. मी तीन दिवस जिने चढले, आता कोणीतरी उतरू दे."

"ठेवा फोन," डॉक्टरीणबाई म्हणाली. " जाते मी, कोणालातरी गाठते." आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?" तोफेने विचारलं.

"कोणालातरी पाठवते म्हणाल्या."

"कोणाला?"

"ते नाही सांगितलं."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

घड्याळात पावणेदहा व्हायला आले होते, आणि वर कोणीतरी टेबलावर आडवं पडून चादरीची वाट बघत असेल, या विचाराने त्यांचा जीव तुटत होता. त्याच विचाराने त्या वर्षभर सगळं निमूट सोसत आल्या होत्या. कलमराव भिंतीला टेकून उभा होता, करारनामा मिटलेला. सूनबाईने ड्रममध्ये पुन्हा हात घातला, एका चादरीचं टोक शोधलं आणि बसल्या बसल्या ते सावकाश बाहेर ओढायला लागली.

"आण इकडे," मावशी म्हणाल्या. त्यांनी टोपली पुढे सरकवली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघी बसूनच ती पिळायला लागल्या.